एमबीएच्या परीक्षेच्या पोटात

महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीला बसलेल्या एखाद्याने एकही प्रश्न न वाचता, डोळे मिटून दोनशेच्या दोनशे प्रश्नांवर वाटेल तिथे क्लिक केलं, तर त्याला साधारण ४० गुण मिळतील. तोच पठ्ठ्या आयआयएमच्या कॅटला जाऊन तिथल्या बहुपर्यायी प्रश्नांवर तसाच क्लिक करत सुटला, तर त्याच्या पदरात सरासरी शून्य पडेल. आणि हे शून्य हिशेबाने अगदी चोख आहे.

यात नशिबाचा भाग फार थोडा. सीईटीत प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय असतात, बरोबर उत्तराला एक गुण असतो आणि चुकीला दंड नसतो. पाचांतलं एक बरोबर, म्हणजे दोनशेतले चाळीस. शंभर जणांनी हा आंधळा प्रयोग केला तर त्यातले पंच्याण्णवच्या आसपास २९ ते ५१ गुणांच्या आतच अडकतील. कॅटमध्ये पर्याय चार, बरोबर उत्तराला तीन गुण, चुकीला एक वजा. आंधळेपणाने चार प्रश्न सोडवले तर सरासरी एक बरोबर येतो आणि तीन चुकतात. तीन मिळाले, तीन गेले. पर्यायांची संख्या आणि दंडाची रक्कम अशी बेतली आहे, की न वाचणाऱ्याची सरासरी ना वर जावी, ना खाली.

आता चारांतला एक पर्याय नक्की चुकीचा आहे, एवढंच ज्याला कळतं त्याचा हिशेब करू. उरलेल्या तिनांतून तो अंदाज मारणार. तीन प्रश्नांत सरासरी एक बरोबर, दोन चूक: अधिक तीन, वजा दोन, एक गुण खिशात. दोन पर्याय बाद करता आले तर दोनच प्रश्नांत दोन गुण. म्हणजे अर्ध्या ज्ञानाचेही इथे पैसे मिळतात, आणि त्याचा दरही आधीच ठरलेला आहे. ‘येतं’ आणि ‘येत नाही’ एवढ्या दोनच कप्प्यांत विचार करायची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला हा पहिला धक्का असतो. आणि या परीक्षांच्या पोटात शिरलं की असे धक्के एकामागून एक बसत जातात.

तीन दरवाजे, तीन चाली

भंडारा जिल्ह्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींपुढे व्यवस्थापन शिक्षणाचे तीन मुख्य दरवाजे असतात. राज्यातल्या संस्थांसाठी राज्य सीईटी कक्षाची एमबीए सीईटी; मुंबईची १९६५ साली सुरू झालेली जमनालाल बजाज संस्थासुद्धा या दरवाजातून गाठता येते. देशभरातल्या आयआयएमसाठी कॅट. आणि परदेशातल्या, तसंच आपल्याकडच्याही काही संस्थांसाठी जीमॅट. यातली आयआयएम तर आता शेजारीच आली आहे. नागपूरची आयआयएम २०१५ साली सुरू झाली आणि मिहानमधल्या तिच्या स्वतःच्या परिसराचं उद्घाटन ८ मे २०२२ रोजी झालं. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. वैनगंगेच्या काठावरून आयआयएमच्या फाटकापर्यंत जायला दोन तास पुरतात. कॅटचा पेपरही दोनच तासांचा असतो. पण ते दोन तास पार करायला बहुतेकांना वर्ष लागतं.

तिन्ही परीक्षांची चाल निराळी आहे. सीईटीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. कॅटमध्ये ४० मिनिटांचे तीन भाग असतात. २०२४ साली त्यातल्या गणिताच्या भागात २२ प्रश्न होते, म्हणजे दर प्रश्नाला पावणेदोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ. जीमॅटच्या गणितात ४५ मिनिटांत २१ प्रश्न, दर प्रश्नाला दोन मिनिटांहून जास्त, पण कॅल्क्युलेटर नाही. कॅटमध्ये पडद्यावर साधा कॅल्क्युलेटर मिळतो. सीईटीत एका प्रश्नाशी तीन मिनिटं हट्टाने झुंजलात तर चार प्रश्नांचा वेळ गेला. तोच हट्ट जीमॅटमध्ये दीड प्रश्नालाच महाग पडतो. हुशारी एकच असली तरी ती खर्च करायची रीत तिन्हीकडे वेगळी.

या सगळ्यात वडीलधारी जीमॅट. १९५३ साली अमेरिकेतल्या नऊ बिझनेस स्कूल एकत्र आल्या आणि एकच सामाईक चाचणी असावी असं ठरलं. पहिल्या वर्षी ती जेमतेम दोन हजार वेळा दिली गेली. जीमॅट हे नाव तिला १९७६ साली मिळालं आणि १९९७ साली ती कागदावरून संगणकावर गेली. आपली कॅट संगणकावर आली २००९ साली, आणि पहिल्याच वर्षी काही केंद्रांवर संगणकांना व्हायरसने ग्रासल्याने गोंधळ उडाला होता.

पण दोन-अडीच तासांत आणि साठ-सत्तर ते दोनशे प्रश्नांत माणसाची कुवत मोजता येते, हा दावा कशाच्या जोरावर? धान घ्यायला आलेला व्यापारी पोतं उपडं करत नाही. तो पोत्यात परखी खुपसतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, चोळतो, ओल आणि तूस बघतो आणि भाव सांगतो. परीक्षा म्हणजे अशीच परखी. ती खरं सांगते ते एकाच अटीवर: पोत्यात माल सारखा मिसळलेला हवा आणि परखी वरपासून खोलवर गेलेली हवी. म्हणूनच पेपरात सोपे, मधले आणि कठीण प्रश्न मुद्दाम मिसळलेले असतात.

साडेआठशे वर्षं जुना पेपर

या परीक्षांचं गणित काही परग्रहावरून आलेलं नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त व्याज आहे, त्रैराशिक आहे, मिश्रणं आहेत, क्रम लावण्याची गणितंही आहेत. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्यात आहे. ‘लीलावती’त एक तलाव आहे आणि त्याला चार झरे आहेत. एक झरा एकटा असेल तर तलाव एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या, तिसरा एक तृतीयांश आणि चौथा एक षष्ठांश दिवसात. चारही एकदम सोडले तर? दिवसभरात पहिला एक तलाव भरेल, दुसरा दोन, तिसरा तीन, चौथा सहा. मिळून बारा. म्हणजे एक तलाव दिवसाच्या बाराव्या हिश्शात, दोन तासांत भरला. आज कोचिंगच्या पुस्तकांत या प्रकाराला ‘पाइप्स अँड सिस्टर्न्स’ म्हणतात. माजी मालगुजारी तलावांच्या, म्हणजे मामा तलावांच्या जिल्ह्यातल्या पोरांनी या गणिताला घाबरावं, हे काही बरोबर नाही.

‘लीलावती’त निरनिराळ्या कसाचं सोनं एकत्र वितळवण्याची गणितंही आहेत. भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो, म्हणून आपण तेच पितळेवर करून पाहू. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. समजा एका कारखानदाराकडे दोन प्रकारची मोड आहे: एकीत ६० टक्के तांबं, दुसरीत ७० टक्के. त्याला ६४ टक्के तांब्याचं ५० किलो पितळ हवं आहे. कुठली मोड किती घ्यायची?

शाळेत शिकवल्याप्रमाणे एकीला क्ष, दुसरीला य धरून दोन समीकरणं मांडली की उत्तर येतं, पण सव्वा-दीड मिनिट जातं. आता दुसऱ्या नजरेने बघा. ६४ हा आकडा ६० पासून चार पावलं लांब आहे आणि ७० पासून सहा. ज्याच्यापासून अंतर कमी, तो माल जास्त. म्हणून ६० वाली मोड सहा भाग, ७० वाली चार भाग. ३० किलो आणि २० किलो. ताळा करा: ३० किलोत १८ किलो तांबं, २० किलोत १४, मिळून ३२, पन्नासातले बत्तीस म्हणजे ६४ टक्के. वीस सेकंदांत काम झालं. आणि हीच युक्ती दुधात पाणी, दोन वर्गांची सरासरी, दोन दरांनी गुंतवलेली रक्कम, सगळीकडे जशीच्या तशी चालते. वरून वेगळ्या दिसणाऱ्या दहा प्रश्नांचा सांगाडा एकच असतो. तयारी करणारा हळूहळू गोष्टीतून सांगाडा ओळखायला शिकतो.

सात तालुके, ५,०४० वाटा

कॅटमध्ये तर्काचा एक भाग असतो. त्याचे प्रश्न वाचताना भोवळ येते, पण आत उतरलं की मजा वाटते. एक घरचाच नमुना घेऊ. एका अधिकाऱ्याने भंडारा जिल्ह्याच्या सातही तालुक्यांना, म्हणजे भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, पवनी आणि लाखांदूरला, एकेक भेट दिली. कुठल्या क्रमाने?

काहीच माहिती नसेल तर सात गोष्टी ५,०४० प्रकारे रांगेत लावता येतात. पहिली खूण: मोहाडीनंतर लगेच तुमसर. या दोघांची गाठ मारली की उरले सहाच नग, त्यांचे क्रम ७२०. एका वाक्याने ४,३२० शक्यता मेल्या. दुसरी खूण: पवनी लाखांदूरच्या आधी. उरल्या निम्म्या, ३६०. तिसरी: साकोली शेवटी. उरल्या ६०. चौथी: सुरुवात भंडाऱ्यापासून. १२. पाचवी: भंडाऱ्यानंतर लगेच लाखनी. ३. सहावी: साकोलीच्या लगेच आधी लाखांदूर. २. सातवी: लाखनीनंतर लगेच पवनी. आता एकच क्रम उरतो: भंडारा, लाखनी, पवनी, मोहाडी, तुमसर, लाखांदूर, साकोली.

सगळ्या खुणा सारख्या वजनाच्या नाहीत, हे लक्षात आलं का? ‘लगेच नंतर’ सांगणाऱ्या पहिल्या खुणेने सातातले सहा हिस्से उडवले; नुसतं ‘आधी’ सांगणाऱ्या दुसरीने फक्त निम्मे. सराव झालेला विद्यार्थी खुणा ज्या क्रमाने छापल्या आहेत त्या क्रमाने घेत नाही. जी सगळ्यांत जास्त शक्यता मारते ती तो आधी उचलतो. त्याला ५,०४० हा आकडा ठाऊकही नसेल. त्याचा हात मात्र नेमका तिथेच जातो.

१४ जणच का?

आता गुणांकडे येऊ. दहावी-बारावीत ९० टक्के म्हणजे शंभरातले नव्वद, हे आपल्या अंगात भिनलेलं असतं. या परीक्षांत टक्के जातात आणि पर्सेंटाइल येतं. टक्के सांगतात तुम्ही किती मिळवलं; पर्सेंटाइल सांगतं रांगेत तुमच्या मागे किती उभे आहेत. २०२४ च्या कॅटमध्ये ६८ प्रश्न होते आणि पैकीच्या पैकी गुण २०४. तरी ९९ पर्सेंटाइलसाठी त्यातले निम्मे गुणही लागले नाहीत. निम्म्याहून अधिक गुण हुकले तरी शंभरातल्या नव्व्याण्णवांच्या पुढे! बारावीत जो निकाल घरच्यांपासून लपवावासा वाटला असता, त्याचे इथे पेढे वाटले जातात.

त्या वर्षी सुमारे २ लाख ९३ हजार जणांनी परीक्षा दिली आणि १४ जणांना १०० पर्सेंटाइल मिळालं. १४च का? पर्सेंटाइल दोन दशांश स्थळांपर्यंत देतात. त्यामुळे ९९.९९५ किंवा त्याच्या वर जे असेल ते दोन दशांशांत बसवताना १०० बनतं. म्हणजे वरचा ०.००५ टक्के भाग. २ लाख ९३ हजारांचे ०.००५ टक्के काढा: साडेचौदाच्या आसपास. माणूस अर्धा नसतो, म्हणून १४. त्याच्याखालची ९९.९९ ही पायरी ०.०१ टक्का रुंद आहे. हिशेबाने तिच्यावर २९ जण मावतात. त्या निकालात तिच्यावर २९ जणच होते. वर्तमानपत्रांत ज्यांची छायाचित्रं झळकतात त्यांची संख्या पेपर फुलासारखा असो की दगडासारखा, जवळजवळ आधीच ठरलेली असते. ठरवते ती फक्त गर्दी.

रांगेचा आणखी एक चमत्कार. समजा एक लाख मुलं आहेत, सरासरी ८० गुण आहे आणि बहुतेकांचे गुण तिच्या दोन्ही बाजूंना वीसेक गुणांच्या अंतरात घंटेच्या आकारात पसरले आहेत. ८० वर उभ्या असलेल्या मुलीने एक गुण जास्त मिळवला तर ती एका झटक्यात सुमारे दोन हजार जणांना मागे टाकते. १४० वर उभ्या असलेल्याने एक गुण जास्त मिळवला तर तो वीस-बावीस जणांनाच ओलांडतो. मधल्या विद्यार्थ्याचा एकेक गुण सोन्याच्या मोलाचा असतो, आणि नेमका तोच ‘आपलं काही खरं नाही’ म्हणून पेन खाली ठेवतो.

पेपर सगळ्यांना एकच नसतो, हीही एक गाठ आहे. कॅट एका दिवसात तीन सत्रांत होते, सीईटी अनेक सत्रांत. प्रत्येक सत्राचा पेपर निराळा. मग सकाळचा सोपा आणि दुपारचा कठीण निघाला तर? कॅटवाले प्रत्येक सत्राची सरासरी आणि पसारा (गुण तिच्याभोवती किती विखुरले आहेत ते) एका मापावर आणतात. समजा सकाळच्या सत्राची सरासरी ६० आणि पसारा २०, दुपारची सरासरी ५० आणि पसारा १६. सकाळचे ९० गुण म्हणजे सरासरीच्या दीड पसारा वर. दुपारचे ७४ सुद्धा दीड पसाराच वर. दोघं सारखे. या सगळ्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे: कोणत्या सत्रात कोण बसेल हे नुसत्या योगायोगाने ठरलं, तर हजारोंच्या दोन गर्द्या कुवतीने सारख्याच निघतात. एकेक माणूस कसा निघेल सांगता येत नाही. हजारो माणसं मिळून कशी वागतील ते सांगता येतं. मोठ्या आकड्यांच्या या इमानदारीवर लाखोंचे प्रवेश उभे आहेत.

समोरच्याला बघून बदलणारा पेपर

कॅट आणि सीईटी संगणकावर होत असल्या तरी पेपर आधी ठरलेला असतो. जीमॅटचा पेपर तुम्ही उत्तरं देता देता तयार होतो. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड, चुकलं की थोडा सोपा. कल्पना जुनी आहे. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने मुलांची बुद्धी तपासायला बसले, तेव्हा तेही मुलाच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न वर न्यायचा की खाली ते ठरवत.

निम्म्या-निम्म्याने कापत गेलं की किती लवकर पोहोचता येतं ते बघा: फक्त सात होय-नाहीच्या उत्तरांत १२८ पायऱ्यांपैकी तुमची पायरी सापडते. पण माणूस कधी येत असलेलं चुकवतो, कधी न येणारं ठोकून देतो. म्हणून प्रत्येक प्रश्नाची कुंडली आधीच मांडलेली असते: तो किती अवघड आहे, हुशार आणि कच्चा यांच्यात किती स्पष्ट फरक करतो, आणि नुसत्या अंदाजाने सुटण्याची शक्यता किती. ही माहिती जमवायला नवे प्रश्न आधी माणसांवर आजमावून घ्यावे लागतात. मग प्रत्येक उत्तरागणिक यंत्र आपला अंदाज सुधारत जातं.

यातली सगळ्यांत सुंदर गोष्ट अशी, की तुम्हाला सहज सुटणारा प्रश्न यंत्राला जवळजवळ काहीच सांगत नाही. अजिबात न सुटणाराही नाही. सुटण्याची शक्यता निम्मी असेल तेव्हाच उत्तरातून सर्वांत जास्त माहिती मिळते. नऊ दशांश शक्यता असलेला प्रश्न त्याच्या जेमतेम तिसरा हिस्साभर माहिती देतो. म्हणून यंत्र हुशारालाही त्याच्या काठावर नेऊन उभं करतं. ८०५ पैकी ७०० च्या वर जाणाराही बाहेर येऊन म्हणतो, पेपर फारच कठीण होता. त्याच्यापुरता तो होताच! जीमॅटचे गुण २०५ ते ८०५ असतात आणि प्रत्येक आकड्याच्या शेवटी ५ असतो. जुन्या परीक्षेचे गुण शून्याने संपत. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून ही सोय.

तयारी म्हणजे काय करायचं?

इथे विज्ञानाने आपल्या अभ्यासाच्या सवयींना चांगलाच चिमटा काढला आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. डोक्यातून ओढून काढण्याची खटपट हाच खरा अभ्यास होता.

त्याहून चकित करणारा प्रयोग २००७ साली रोहरर आणि टेलर यांनी केला. घनफळाची चार प्रकारची गणितं काहींना एकेक प्रकार संपवत दिली, काहींना सगळी सरमिसळ करून. सरावात पहिल्यांची ८९ टक्के बरोबर आली, दुसऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिले २० टक्क्यांवर कोसळले आणि दुसरे ६३ वर टिकले. कारण उघड आहे. एकाच प्रकारची वीस गणितं ओळीने सोडवताना सूत्र कोणतं लावायचं हे आधीच माहीत असतं; परीक्षेत तेच तर ओळखायचं असतं. ‘आज फक्त शेकडेवारी, उद्या फक्त काळ-काम-वेग’ हे वेळापत्रक वहीत देखणं दिसतं आणि परीक्षेत दगा देतं. नवा प्रकार शिकताना तो एकटा घ्यावा, पण जमायला लागला की लगेच बाकीच्यांत मिसळून टाकावा. मन म्हणेल, काहीच येत नाहीये. तो चडफडाटच कामाचा असतो.

सराव परीक्षा दिल्यानंतरचा एक तास परीक्षेइतकाच मोलाचा. चुकांची वही ठेवा आणि तिचे तीन भाग करा: येत नव्हतं म्हणून चुकलं, येत होतं पण घाईत चुकलं, आणि सुटलं, पण त्यावर इतका वेळ घालवला की ते सोडूनच द्यायला हवं होतं. तिसऱ्या भागातली उत्तरं बरोबर असतात, म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. गुण मात्र तिथूनच गळतात.

इंग्रजीची धास्ती मोठी. घरात झाडीबोली, शाळेत मराठी आणि परीक्षा इंग्रजीत, असा इथल्या कितीतरी मुलांचा प्रवास असतो. पण २०२४ च्या कॅटमधल्या भाषेच्या २४ प्रश्नांपैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर होते. त्यात लेखकाला काय म्हणायचं आहे आणि कुठवर म्हणायचं आहे, एवढंच ओळखायचं असतं. बोलण्याचा झोक तिथे कोणी तपासत नाही. यासाठी एक बिनखर्चाचा व्यायाम आहे. रोज एक लांब इंग्रजी लेख वाचा, बाजूला ठेवा आणि त्याचं सार दोन मराठी वाक्यांत लिहा. लिहिता आलं तर लेख कळला. नाही आलं तर शब्द नुसते डोळ्यांखालून गेले होते.

एक व्यवहाराची गोष्टही सांगून ठेवतो. कॅट नोव्हेंबरच्या अखेरीस असते, नेमकी धानाच्या चुरणीच्या धामधुमीत. सकाळचं सत्र साडेआठला सुरू होतं आणि फाटक त्याआधीच बंद होतं. लाखांदूर किंवा साकोलीकडच्या मुलांनी केंद्र नागपूरला आलं तर मुक्काम आदल्या रात्रीच करावा. वर्षभराची तयारी एका बसच्या भरवशावर टाकू नये.

या परीक्षांना सगळं दिसत नाही. शब्द पाळणारा कोण, माणसं सांभाळणारा कोण, तोट्याच्या वर्षात डोकं शांत ठेवणारा कोण, हे त्यांच्या परखीला लागत नाही. म्हणून तर पुढे मुलाखती असतात. पण जे त्या मोजतात ते कसं मोजतात, यात गूढ असं काही नाही. या लेखातलं एकही गणित बारावीच्या पुढचं नव्हतं. कॅटचे जुने पेपर फुकट मिळतात, सीईटी कक्ष आणि जीमॅटवाले नमुना चाचण्याही फुकट देतात. आज रात्री जेवण झाल्यावर जुन्या पेपरातला एक भाग उघडा, चाळीस मिनिटांचा गजर लावा, आणि पहिल्या दोन मिनिटांत कुठले प्रश्न सोडवायचे नाहीत तेवढं आधी ठरवा. तयारी सुरू झाली.